नेसायची की द्यायची?

चांगलं कापडाचं दुकान कुठं आहे, असा प्रश्न मला आजवर निदान पन्नास माणसांनी विचारला असेल. मला कापडातलं काही कळतं म्हणून नव्हे. टेरिलीन आणि टेरिकॉट यांतला फरक मला अजून सांगता येत नाही आणि रेशीम मी फक्त किमतीवरून ओळखतो. पण मी नांदेडला वजिराबादेत पस्तीस वर्षं राहिलो, आणि वजिराबादेत कापडाची दुकानं फार, एवढ्या पुण्याईवर लोक मला जाणकार समजतात. नदीकाठच्या माणसाला पोहता येत असणारच, अशी समजूत असते ना, तसंच हे. मीही कुणाची निराशा करत नाही. "तारासिंह मार्केटला जा आणि माझं नाव सांगा," असं ठोकून देतो. माझं नाव तिथं कुणालाही ठाऊक नाही. पण त्यानं काही बिघडत नाही. दुकानदार "हो का! मग तर तुम्ही घरचेच," असं म्हणतो आणि जो भाव सगळ्यांना सांगतो तोच यांनाही सांगतो. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश आणि मी जाणकार.

पण चांगलं दुकान म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला स्वतःला एकदाच पडला. तो २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला, गंजगोलाईतल्या एका दुकानाच्या गादीवर पडला, आणि अजून उठलेला नाही.

त्याचं असं झालं, की आमच्या धाकट्या मुलीचं लग्न लातूरला ठरलं. लग्न ठरलं की आमच्याकडे पत्रिकेच्याही आधी विषय निघतो तो बस्त्याचा. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला हवा. नवरीच्या शालूपासून गड्याच्या टॉवेल-टोपीपर्यंत लग्नात लागणारं झाडून सगळं कापड एकाच दिवशी, एकाच दुकानात, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना समोर बसवून घ्यायचं, याला बस्ता म्हणतात. शब्द मूळचा फारसी. निजामाच्या राज्यात आम्ही सव्वादोनशे वर्षं काढली, त्यातून जे काही गाठीला राहिलं त्यात असे शब्द आहेत. बस्ता म्हणजे बांधलेलं. कापडाचं गाठोडं बांधतात म्हणून हे नाव पडलं, असं जाणकार सांगतात. माझ्या मते त्या दिवशी मुलीचा बाप हातपाय बांधून आणलेला असतो म्हणून पडलं असावं.

बस्ता कुठं बांधायचा यावर आमच्या घरात जी सभा भरली तिच्यापुढं जिल्हा परिषदेची सभा म्हणजे भजनी मंडळ. थोरले बंधू म्हणाले, "हैदराबाद! आपल्या आजोबांपासून बस्ता पत्थरगट्टीला बांधलाय." हैदराबाद संस्थान १९४८ साली संपलं, १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र झाला, पण बंधूंच्या मनातली राजधानी हलायला तयार नाही. मेव्हण्यांचा पुण्याहून फोन आला, "लक्ष्मी रोडशिवाय शालू घेऊ नका." शेजारच्या काकू म्हणाल्या, "इरकल घ्यायची तर सोलापूर गाठा." ज्यानं त्यानं आपापलं एकेक दुकान पदराला गाठ मारून ठेवलेलं होतं, आणि दुसऱ्याच्या दुकानात हमखास फसवतात, याविषयी सगळ्यांचं एकमत होतं. नवरी मुलगी कोपऱ्यात बसून मोबाईलवर अंगठा फिरवत होती. तेवढ्या वेळात तिनं दोनशे साड्या बघून संपवल्या होत्या. आमच्या आईच्या पिढीनं कापड चिमटीत धरून बघितलं, आमच्या पिढीनं डोळ्यांनी बघितलं आणि हिनं अंगठ्यानं.

शेवटी प्रश्न व्याह्यांनीच सोडवला. त्यांचा फोन आला, "बस्ता लातूरलाच बांधू. आमच्या गोलाईत मिळत नाही असं कापड नाही." मुलीच्या बापानं अशा वेळी "वा, वा" म्हणायचं असतं. मी म्हटलं. पण नांदेडचा अभिमान काही गप्प बसू देईना. म्हणून म्हटलं, "बाकी कापडात आमचं नांदेड जुनं हो. इथं उस्मानशाही मिल होती. आणि आजही देशाचा तिरंगा आमच्याकडे तयार होतो, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत."

"शिवला जातो तुमच्याकडे," व्याही शांतपणे म्हणाले. "त्याचं कापड विणतात आमच्या उदगीरला."

हे खरंच होतं. उदगीर लातूर जिल्ह्यातलं. मी "वा, वा" म्हणून फोन ठेवला.

ठरल्या दिवशी पहाटे आम्ही जीप करून निघालो. बरोबर मी, सौ., बंधू, वहिनी, नवरी आणि मोकळी गाठोडी. वाटेत लोह्याला थांबून आत्याला घ्यायचं होतं. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. घरातली वडीलधारी म्हणून आता तीच एक उरलेली. तिचे यजमान उस्मानशाही मिलमध्ये मागावर होते. मिलच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर चूल पेटवायची, अशी तिची उमेदीची वर्षं नांदेडला गेली. यजमान गेले, पुढं मिलही गेली, आणि आत्या लोह्याला लेकाकडे येऊन राहिली. आम्ही पोचलो तेव्हा ती ओट्यावर तयार होऊन बसली होती. हातात पिशवी, पिशवीत भाकरी, पिठलं आणि पाण्याची बाटली.

"आत्या, पाणी कशाला? मिळेल की तिथं," मी म्हटलं.

"लातूरला चाललाव ना रे लेकरा? तिथं रेल्वेनं पाणी यायलंय म्हनं. त्यायचं कशाला प्यायचं?"

वाचकांना आठवत असेल, त्या वर्षी एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांमधून लातूरला पाणी नेत होते. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक वर्तमानपत्रात ते रोज वाचत होतो. पाण्याची बाटली मात्र न वाचता येणाऱ्या आत्यानंच घेतली होती.

गंजगोलाई ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मध्ये वर्तुळाकार इमारत, तिच्या पोटात जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनं, एकाला भांडी, एकाला गूळ-मिरची, एकाला कापड. ज्यानं ही आखणी केली तो माणूस फार हुशार असला पाहिजे, आणि लग्नघरचा मुळीच नसला पाहिजे. कारण सोळाही रस्ते आम्हाला सारखेच दिसत होते. दुकानाची खूण व्याह्यांनी "देवीकडे तोंड करून डाव्या हाताला" अशी सांगितली होती. गोल देवळाभोवती फिरणाऱ्या माणसाचा डावा हात म्हणजे काय, हे मला भूमितीनंही शिकवलेलं नव्हतं. आम्ही देवीला अडीच प्रदक्षिणा घातल्या. शेवटी विहीणबाईच एका माडीवरून हाका मारताना दिसल्या.

दुकान मोठं होतं. पांढरीशुभ्र गादी, लोड, वर गरगरणारे पंखे. चहा लगेच आला. दुसरा चहा त्याच्या मागोमाग. पाणी मात्र छोट्या पेल्यांतून आणि विचारून. आमच्यापुढं जो सेल्समन बसला तो साठीला टेकलेला, अंगात पांढरा सदरा, गळ्यात मीटरची टेप. आयुष्यभर घड्या मोडून आणि घड्या घालून त्याची बोटं अशी झाली होती, की बोलता बोलता तो हवेचीही घडी घालत होता. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, नवरी कोणती ते ओळखलं, पैसे देणारा कोण तेही ओळखलं आणि विचारलं,

"नेसायच्या दाखवू, का द्यायच्या?"

"आधी द्यायच्या!" सौ. आणि विहीणबाई एकदम म्हणाल्या. दोन घरांची मनं जुळल्याचं ते पहिलं चिन्ह.

हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. नांदेडला ऐकला असेल, लातूरला ऐकला असेल, पुण्याला "आहेराच्या का?" अशा नाजूक भाषेत ऐकला असेल. साड्यांमध्ये सुती आणि रेशमी, पाचवारी आणि नऊवारी असे भेद आहेत हे पुस्तकी ज्ञान झालं. बाजारात खरा भेद एकच : नेसायची साडी आणि द्यायची साडी. द्यायची साडी दिसायला झकास असते. तिला सोनेरी काठ असतो, वर खोका असतो, खोक्यावर हसणारी बाई असते. तिच्यात फक्त एकच उणीव असते, ती नेसता येत नाही. पण ती कुणी नेसतच नाही म्हटल्यावर ही उणीव कुणाला कळणार? ती आमच्याकडून तुमच्याकडे येते, तुमच्याकडून नणंदेच्या जावेकडे जाते आणि चार-दोन वर्षांत साऱ्या नातेवाइकांना भेटून घरी परत येते. आमच्या घरी अशी एक मोरपंखी साडी तीनदा आली. तिसऱ्या वेळी सौ. तिला "आलात? प्रवास कसा झाला?" असं म्हणाल्याचं मी या कानांनी ऐकलं आहे.

बायका द्यायच्या साड्यांच्या ढिगात शिरल्या. मला काही काम नव्हतं. मी पीपल्स कॉलेजात बी. ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, कारण त्याला गणित नव्हतं. पुढं पाटबंधारे खात्यात तीस वर्षं त्याची गरज पडली नाही. पण तिसऱ्या चहानंतर मला एकाएकी कांट आठवला. हा जर्मन तत्त्ववेत्ता घोड्याची खोगिरं-लगाम करणाऱ्या कारागिराचा मुलगा, म्हणजे तसा आमच्या बाजारपेठेतलाच. त्याचं म्हणणं असं, की ज्या नियमानं सगळ्या जगानं वागावं असं तुम्हाला मनापासून वाटेल, त्याच नियमानं तुम्ही वागा. आता आमचा नियम काय? तर स्वतःला नेसायला एक कापड आणि दुसऱ्याला द्यायला दुसरं. सगळं जग या नियमानं वागलं तर काय होईल? होईल काय, झालंच आहे! म्हणून तर आमच्या कपाटात एकोणीस साड्या पडून आहेत आणि नेसायला सौ.कडे एकही नाही. कांटनं जो प्रयोग नुसता मनात करायला सांगितला तो आम्ही मराठवाड्यात प्रत्यक्ष करून दाखवला.

पण मग दुसरी बाजूही आठवली, कारण मी पाटबंधारे खात्यातला माणूस. पाटाला दोन काठ असतात. देण्यातली साडी म्हणजे सरळ सरळ लबाडी, असं तरी कसं म्हणावं? ओटीतला नारळ दहा घरं फिरतो, तो खवला जात नाही म्हणून कुणी फसवणूक म्हणत नाही. आहेर म्हणजे शेवटी खूणच. तुमची आठवण ठेवली, तुम्हाला आमच्यात धरलं, एवढंच त्यानं सांगायचं असतं. साठ-साठ माणसांना खरं कापड द्यायचं म्हटलं तर शेत विकावं लागेल, आणि ज्याला शेतच नाही त्यानं मान कशानं करावा? देण्यातल्या साडीनं कितीतरी गरीब बापांची लाज झाकली आहे. कापडाचं काम लाज झाकणंच ना? मग ते एकीकडे नाही झालं, दुसरीकडे झालं.

दोन्ही बाजू इतक्या चोख निघाल्या, की मला डुलकी येऊ लागली.

सौ.च्या हातात एक वही होती. तिच्यात तीन रकाने होते. पहिल्यात मानाच्या, दुसऱ्यात मधल्या, तिसऱ्यात नुसत्याच द्यायच्या. एकूण बासष्ट नावं. ही वही म्हणजे आमच्या घराण्याचा खरा इतिहास. कोण कुठल्या रकान्यात, हे नात्यावरून ठरत नाही, मायेवरून तर मुळीच नाही. मी एकदा नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं, की ते रागावरून ठरतं. जी रागावणार, चार ठिकाणी बोलून दाखवणार, पुढच्या कार्याला येणार नाही, ती पहिल्या रकान्यात. जी मनात ठेवणार ती दुसऱ्या. आणि जी काहीही दिलं तरी कपाळाला लावून घेणार, ती तिसऱ्या. म्हणजे जिची माया सर्वांत पक्की, तिला सर्वांत कच्चं कापड. हा हिशेब आम्ही कधी मांडून केला नव्हता. तो आपोआपच तसा होत आलेला होता.

एवढ्यात आत्या ढिगाजवळ सरकली. तिनं एक साडी ओढून घेतली, काठ चिमटीत धरून चोळला आणि माझ्याकडे हात केला, "रुमाल दे रे पांढरा."

मी दिला. तिनं पिशवीतली बाटली काढली. बाटलीच्या बुचात पाण्याचे चार थेंब घेतले, त्यात बोट बुडवलं, ते साडीच्या पदरावर फिरवलं आणि वर रुमाल दाबला. रुमाल हिरवा. दुसरी साडी. रुमाल जांभळा. तिसरी, चौथी. पाचव्या साडीला रुमालाची अशी दशा झाली, की तो होळीचा मानकरी वाटावा. आणि हे सगळं मिळून पाणी लागलं एक बूचभर.

आता दुकानदार चिडणार, म्हणून मी सावरून बसलो. सेल्समन काही चिडला नाही. मीच विचारलं, "रंग जातो का हो यांचा?"

"जाणारच की साहेब," तो घडी घालता घालता म्हणाला. "तुम्ही द्यायच्या म्हणालात. नेसायच्या म्हणाला असतात तर मी ह्या बांधल्या हातानं सोडल्याच नसत्या."

त्याच्या आवाजात ना ओशाळेपण, ना उर्मटपणा. एखाद्या वैद्यानं "हे चाटण पोटात घ्यायचं नाही, वरून लावायचं आहे" असं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"आत्याबाई, तुम्हाला बरं कळतं हो रंगाचं," विहीणबाई म्हणाल्या. "मिलमुळं का?"

"तसं न्हाई माय. मिलचं कापड पक्कंच असायचं. तिथं कशाला बघावं लागतंय?" आत्या रुमालाची घडी घालत म्हणाली. "मागं एक साडी होती माझ्याकडं. डाळिंबी रंगाची. लई देखणी. ठेवणीतली म्हून ठिवली होती दोन वर्षं. मग नातवाला शाळंत बक्षीस मिळालं. सतरा सप्टेंबरला, झेंड्याच्या येळंला देनार होते. समद्यायला बोलावलं होतं. म्हनलं, आज नेसावी."

सतरा सप्टेंबर म्हणजे आमचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी आमच्याकडे गावोगाव झेंडावंदन होतं, आणि बहुधा पाऊसही येतो.

"झेंडा वर गेला आन् पाऊस आला बघ. पोरगं येऊन मला बिलगलं. जरा वेळानं बघते तर त्याचा पांढरा सदरा समदा लाल. माझे हात लाल, पाय लाल. पोरं हसाया लागली. लेकरू रडाया लागलं, बक्षीस घ्यायला जाईना. मग म्याच म्हनलं, आरं, आज सनाचा दिस, रंग खेळलाव आपन. जा पळ." ती हसली. "झेंडा बी तेवढ्याच पावसात भिजला की. पर त्याचा रंग काय गेला न्हाई."

कुणी काही बोललं नाही. विहीणबाईंनी मात्र विचारलंच, "कुणी दिली होती हो असली साडी?"

मी पंख्याकडे बघू लागलो. सौ. वहीकडे बघू लागली.

"आता कुठं ध्यानात राहतंय माय," आत्या म्हणाली. "कुनी का असंना, मायेनंच दिली असंल."

ती माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

कारण ती डाळिंबी साडी मी दिली होती. आमच्या घराच्या वास्तुशांतीला. आत्यासाठी चांगली नऊवारी काढून ठेवली होती. ऐन वेळी माझ्या साहेबांच्या पत्नी न सांगता आल्या. मानाची साडी कमी पडली. सौ. म्हणाली, "आता हो?" मीच म्हटलं, "आत्याची दे त्यांना. आत्या काय, घरचीच आहे. तिला काय वाटायचंय?" आणि देण्यातल्या गठ्ठ्यातली वरची साडी उचलून मी स्वतः आत्याच्या हातात ठेवून पाया पडलो. साहेबांच्या पत्नींनी ती नऊवारी कधी नेसली असेल असं मला वाटत नाही. आत्यानं मात्र आमची साडी खूण समजली नाही. ती साडी समजली.

तिथं माझं सगळं तत्त्वज्ञान अडलं. आहेर ही नुसती खूण, हे म्हणणं ठीक आहे. पण ती खूण आहे हे दोघांनाही ठाऊक पाहिजे. नारळ फिरवायचा आहे हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. आत्याला ते कुणी सांगितलं होतं? आणि सांगणार तरी कसं? "आत्या, ही नेसू नका हं, ही फक्त माया आहे," असं?

आमच्या नांदेडला कापडाचा आणि नीतीचा संबंध काही नवा नाही. गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथापुढं जगभरचे लोक येऊन माथा टेकतात त्या गुरू ग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेव शिंपी, हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे त्यांचं जन्मगाव मानलं जातं. त्याच ग्रंथात कबीर आहेत, ते विणकर. म्हणजे कापड विणणाऱ्यानं विचार केला, शिवणाऱ्यानं केला. राहिलो ते फक्त आम्ही, विकत घेणारे.

आणि ते दुकान? मी इतकी वर्षं लोकांना चांगल्या दुकानाचे पत्ते सांगत आलो. चांगलं दुकान म्हणजे जिथं फसवत नाहीत ते, अशी माझी व्याख्या होती. या माणसानं आम्हाला कुठं फसवलं? त्यानं आधी विचारलं, नेसायची की द्यायची. रंग जातो का विचारलं तर जातो म्हणाला. भावही चोख लावला. त्याच्या दुकानात दोन्ही प्रकारचा माल होता आणि दोन्हींवर खरी नावं होती. दुकान चांगलंच होतं. फसवायचा जो काही बेत होता तो वहीत लिहून नांदेडहून आम्हीच आणला होता.

सौ.नं वही मिटली. "ह्या सगळ्या परत ठेवा," ती सेल्समनला म्हणाली.

"मग कोणत्या दाखवू?"

"नेसायच्या."

"कुणाला?"

"जिला देऊ तिला."

सेल्समनच्या हातातली घडी पहिल्यांदाच चुकली.

यापुढं सगळं गोड झालं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण बासष्ट नेसायच्या साड्यांचा हिशेब केला तेव्हा माझाच रंग उतरला. मग काटछाट सुरू झाली. एकोणीस नावं गळली, त्यांत माझ्या त्याच साहेबांच्या पत्नीही आल्या. उरलेल्यांना साधी, पक्क्या रंगाची सुती. नवरी म्हणाली, "माझा शालू हलका घ्या. नाहीतरी मी तो एकदाच नेसणार." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण सर्वांत भारी कापड एकदाच नेसण्यासाठी घेतो आणि सर्वांत हलकं तिला देतो जी ते रोज नेसेल. विहीणबाईंचं तोंड उतरलं. "सुती? आमच्या लोकांत बरं दिसेल का?" त्या म्हणाल्या. व्याहीबुवांनी मला जिन्यात नेऊन "काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा," असंही विचारलं. मी काय सांगणार? शेवटी त्यांच्याकडच्या साड्या त्यांनी त्यांच्या पद्धतीनं घेतल्या, आमच्या आम्ही. एकाच बस्त्यात दोन गाठोडी बांधली गेली.

लग्न झालं. गळलेल्या एकोणिसांपैकी दोघी आमच्याशी अजून बोलत नाहीत. सुती मिळालेल्यांपैकी कितीतरी जणींनी "एवढी पेन्शन घेतात आणि सुती देतात" असं म्हटल्याचं आमच्यापर्यंत व्यवस्थित पोचलं. पण पुढच्या वर्षी एका कार्याला मी त्यांतल्या तिघींना त्याच साड्या नेसलेल्या पाहिलं. आमच्या घराण्याच्या इतिहासात आहेराची साडी अंगावर दिसल्याची ही पहिलीच नोंद असावी.

आत्याला आम्ही त्या दिवशी एक नऊवारी घेतली, डाळिंबीच. तिनं बुचातल्या थेंबानं ती तपासली नाही. मी म्हटलं, "आत्या, बघा की रंग." तर म्हणाली, "तुझ्या हातची हाय, तिला काय बघायचं?" डाळिंबी साडी कुणी दिली होती हे तिला खरंच आठवत नव्हतं, की आठवत होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

लोक अजून विचारतात, "चांगलं कापडाचं दुकान कुठं आहे हो?" मीही अजून "तारासिंह मार्केटला जा, माझं नाव सांगा" असंच म्हणतो, सवय जात नाही. फक्त वर एवढंच विचारतो, "बरोबर कोण आहे?" घरातली एखादी जुनी, न रागावणारी बाई बरोबर असेल तर कुठलंही दुकान चालतं.

तो रुमाल माझ्याकडे आहे. सौ.नं तो साबणाच्या पाण्यात टाकला, मग सोड्यात उकळला, मग उन्हात वाळवला. साडीवरून जो रंग एका थेंबानं उतरला, तो रुमालावरून काही केल्या उतरायला तयार नाही. मी तो तसाच खिशात ठेवतो. बाहेर काढताना मात्र घडी आतल्या बाजूनं करून काढतो.